शब्दचर्चा : क्रूस, वधस्तंभ आणि 'धर्मसत्ता-राजसत्तेची फारकत'

प्रश्न :
अमेरिकेतल्या ब्लेडन्सबर्गच्या क्रूसाच्या खटल्यावर मराठीत लिहितो आहे. मेरीलँडमध्ये रस्त्यांच्या तिठ्यावर 40 फूट उंच क्रूस आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या 49 जणांचं ते स्मारक, 1925 साली पूर्ण झालेलं. 1961 पासून ते सरकारी आयोगाच्या ताब्यात आहे आणि देखभाल सरकारी पैशातून होते, म्हणून खटला झाला. 'चर्च आणि राज्य यांचे विभाजन' हे कानाला खटकतं. काय म्हणावं? आणि क्रॉस, क्रूस की वधस्तंभ?

प्रतिसाद :
'राज्य' टाळाच. मजकुरात मेरीलँड राज्य आहे, वाचक तेच समजेल. 'चर्च'ही नको, या खटल्यात कुठलंही चर्च पक्षकार नव्हतं. 'धर्मसत्ता आणि राजसत्ता यांची फारकत' हा रुळलेला प्रयोग आहे. मात्र तो अमेरिकी संविधानाच्या तोंडी घालू नका. धर्म आणि सरकार यांच्यातली 'भिंत' ही प्रसिद्ध उपमा राष्ट्राध्यक्ष जेफर्सनच्या 1802 च्या पत्रातली. संविधानाच्या पहिल्या घटनादुरुस्तीत शब्द वेगळे आहेत : 'establishment of religion' बाबत कायदा करायला तिथे मनाई आहे. आणि तिथे मोठा खड्डा आहे : शब्दशः 'धर्माची स्थापना' लिहिलंत, तर आपल्या कानात थेट गीतेतलं 'धर्मसंस्थापनार्थाय' वाजतं. अर्थ आहे एखाद्या धर्माला सरकारी धर्माचा दर्जा देणं. 'राजाश्रय' म्हणा, चटकन कळेल.

क्रूसाचं जास्त जपून करा, कारण खटलाच त्यावर उभा होता. मराठी बायबलमध्ये 'वधस्तंभ' आहे. तो शब्द घातलात की येशूचं मरण आणि तारण समोर येतं, म्हणजे स्मारक ख्रिस्ती आहे हा निकाल तुम्हीच देऊन बसता. नुसतं 'स्मृतिस्तंभ' म्हटलंत तर उलटा निकाल. वसईकडे बोलण्यात असलेला 'क्रूस' आकारही सांगतो आणि श्रद्धाही लपवत नाही. तोच ठेवा.

प्रश्नकर्ता :
पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालात न्या. अलिटो म्हणतात की काळाच्या ओघात या चिन्हाला ऐतिहासिक अर्थही चिकटला. शब्दांचंही तसंच होतं ना? 'हुतात्मा'मध्ये यज्ञातली आहुती आहे, तरी मुंबईच्या हुतात्मा चौकात कुणाला होमकुंड आठवत नाही.

प्रतिसाद :
उदाहरण चोख आहे, आणि 7 विरुद्ध 2 असा निकाल त्याच बाजूने, म्हणजे क्रूस तिथेच राहू देण्याच्या बाजूने लागला. पण मला न्या. गिन्सबर्ग यांची भिन्नमतपत्रिका जास्त पटते. ज्यू सैनिकाच्या थडग्यावर क्रूस कोरत नाहीत, दाऊदचा तारा कोरतात. ज्यांचा तो धर्म नाही त्यांच्या दृष्टीने क्रूस झिजून नुसतं दुःखाचं चिन्ह झालेला नाही. 'हुतात्मा' हा शब्द मात्र आपल्याकडे कुठल्याही धर्माच्या माणसाला लावतात, त्यात कुणी वगळलं जात नाही.

लंडनचं सेनोटाफ हे युद्धस्मारक बघा. 1920 मध्ये वास्तुरचनाकार ल्यूटेन्सने त्यावर क्रूस ठेवला नाही, कारण साम्राज्यासाठी मेलेल्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते. फ्रान्समध्ये नव-शापेलला भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. तिथल्या स्तंभावर कमळ आहे, आणि देव एक आहे, जय त्याचाच, अशा अर्थाचा लेख देवनागरी, गुरुमुखी आणि अरबीतही कोरलाय. तो धार्मिकच आहे, पण एकट्या कुणाचा नाही. म्हणून अशा स्मारकांना सरसकट 'धर्मनिरपेक्ष' म्हणू नका. सेनोटाफला 'धर्मचिन्हरहित' आणि नव-शापेलला 'सर्वधर्मीय' लिहा.