शिकागो मरून्सचा इतिहास: कुठे फसगत होते? (अनुभव धागा)

शिकागो विद्यापीठाच्या संघांच्या जुन्या नोंदी चाळणाऱ्यांसाठी हा धागा. आठवणी नकोत, नोंदी कशा वाचाव्यात आणि घोटाळा कुठे होतो, तेवढं नेमकं लिहा.

जुनास्कोअर
30 नोव्हेंबर 1905, अमेरिकन फुटबॉल. शिकागो 2, मिशिगन 0. हे दोन गुण सेफ्टीचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चेंडूसह त्याच्याच गोलरेषेमागे पाडल्याचे. शिकागोच्या एकर्सॉलचा पंट (हातातून सोडून पायाने दूर मारलेला चेंडू) मिशिगनच्या क्लार्कने स्वतःच्या गोलरेषेमागे झेलला. तिथेच चेंडू टेकवला असता तर टचबॅक, गुण शून्य. तो पळत बाहेर आला आणि शिकागोवाल्यांनी त्याला रेटत परत रेषेमागे नेऊन पाडलं. आजच्या नियमाने त्याने गाठलेली पुढची जागाच धरली असती, म्हणजे सेफ्टी झालीच नसती. मिशिगनची सलग 56 सामने न हरण्याची मालिका तिथे तुटली.

नोंदी जुळवताना मोठी गफलत गुणांचीच होते. 1905 मध्ये टचडाऊनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणं) 5 गुण होते, फील्ड गोलला (चेंडू पायाने गोलखांबांमधून मारणं) 4. फील्ड गोल 1909 मध्ये 3 वर आला, टचडाऊन 1912 मध्ये 6 वर गेला. चेंडू पुढच्या दिशेने फेकून पास देण्याची मुभा आली 1906 मध्ये. म्हणून 1905 आणि 1935 च्या संघांची सरासरी शेजारी मांडण्यात अर्थ नाही. टचडाऊन किती, गोल किती, सेफ्टी किती, असे वेगळे रकाने पाडा. वेळ जातो, पण तुलना खरी होते.

पश्चिम_स्टँड
स्टॅग फील्ड दोन आहेत, हे आधी डोक्यात पक्कं करा. एमॉस अलोन्झो स्टॅग 1892 पासून 1932 पर्यंत शिकागोच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. दोन्ही मैदानांना नाव त्यांचंच. 2 डिसेंबर 1942 ला पहिली नियंत्रित अणू साखळी अभिक्रिया झाली ती जुन्या मैदानाच्या पश्चिम स्टँडखालच्या रॅकेट खेळाच्या कोर्टात. त्या जुन्या मैदानाच्या जागेवर आता रेगेनस्टाइन ग्रंथालय आहे. आजचे सामने होतात ते मैदान कॅम्पसमध्येच, पण वेगळ्या जागी. छायाचित्राखाली नुसतं ‘स्टॅग फील्ड’ असेल तर आधी साल शोधा.

बर्वँगरप्रेमी
शिकागोच्या जे बर्वँगरला सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा 1935 चा करंडक मिळाला तेव्हा त्याला हाइसमन हे नाव नव्हतं; ते 1936 मध्ये पडलं. त्याच वर्षी एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) पहिल्यावहिल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या निवडीत, पहिली निवड त्याचीच झाली, फिलाडेल्फिया ईगल्सकडून. पुढे त्याचे हक्क शिकागो बेअर्सकडे गेले. व्यावसायिक सामना तो एकही खेळला नाही, त्यामुळे एनएफएलच्या आकडेवारीत त्याला शोधत बसू नका.

जुनास्कोअर
याला जोडून 1939 चं. ‘सगळे सामने हरले म्हणून शिकागोने फुटबॉल संघ बंद केला’ हे चूक. वाबाश आणि ओबरलिन या छोट्या कॉलेजांना त्यांनी हरवलं होतं. बिग टेन या मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेतले तिन्ही सामने मात्र ते असे हरले: मिशिगन 85-0, ओहायो स्टेट 61-0, इलिनॉय 46-0. बेरीज 192-0. विद्यापीठाचे अध्यक्ष हचिन्स यांचा आक्षेप मुळात कॉलेज फुटबॉलच्या धंदेवाईकपणाला होता, आणि तो या पराभवांच्या आधीपासूनचा. डिसेंबर 1939 मध्ये बंद झाला तो फक्त फुटबॉल. बाकीचे संघ बिग टेनमध्ये 1946 पर्यंत खेळले. ही दोन सालं एक करू नका.

तिसरी_श्रेणी
बहुतेकांचा इतिहास 1939 ला संपतो, याचं खरंच वाईट वाटतं. 1969 मध्ये फुटबॉल पुन्हा विद्यापीठाचा अधिकृत संघ झाला. 1973 मध्ये विद्यापीठात महिलांच्या खेळांच्या प्रमुख राहिलेल्या गर्ट्रूड डडली यांच्या नावाने महिला खेळाडूंसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. 1986 मध्ये यूएए (युनिव्हर्सिटी अ‍ॅथलेटिक असोसिएशन) ही खाजगी संशोधन विद्यापीठांची संघटना स्थापन झाली, शिकागो तिच्या संस्थापकांत.

यूएएचा बास्केटबॉल तक्ता वाचायची रीत: आठ संघ, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे 14 सामने. पुरुष आणि महिला संघ एकत्र प्रवास करतात आणि बहुतेक सामने शुक्रवार-रविवार जोडीने येतात. या निकालांची जुन्या बिग टेनशी तुलना करू नका: हा एनसीएएचा (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना) तिसरा विभाग, आता इथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही.

आणि 2022 ची नोंद हवीच. पुरुषांच्या सॉकर संघाने तिसऱ्या विभागाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक जुलिआन सिच. पुरुषांच्या संघाला एनसीएए सॉकर विजेतेपद मिळवून देणारी पहिली महिला.