मदत हवी आहे: सपचा (स्टँड-अप पॅडल, उभ्याने वल्हवायचा) रेस बोर्ड साडेबारा फुटी घेऊ की १४ फुटी? बुधवारपर्यंत ठरवायचंय

पवनाकाठची
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येते. दोन बोर्ड समोर आहेत, एक साडेबारा फुटी, एक १४ फुटी. किमतीत फारसा फरक नाही. मार्चमध्ये पहिल्यांदाच रेसला उतरणार आहे. जालावर शोधलं तर निम्मे लोक म्हणतात लांब तो जलद, डोळे मिटून १४ घे. उरलेले म्हणतात पहिल्याच रेसला १४ झेपणार नाही. सध्या साडेदहा फुटी वापरते, दीड वर्ष झालं, आता अगदी वैताग आलाय त्याचा. उजवीकडे चार वल्ही मारली की नाक डावीकडे जातं, की बदला हात. ज्यांनी दोन्ही लांबीचे बोर्ड वापरलेत त्यांनीच सांगा. बुधवारी दुपारपर्यंत उत्तर हवं आहे.

मुळशीचा_भाऊ
ताई, तुमचं वजन किती, उंची किती? बोर्ड हार्ड की हवेचा (हवा भरून फुगवायचा)? रुंदी किती? रेस समुद्रात की सपाट पाण्यावर, आणि किती किलोमीटरची? नुसत्या लांबीवर काहीच सांगता येणार नाही.

फ्रीसलंडकर
१४. विचारसुद्धा करू नका. मी नेदरलँड्समध्ये सात वर्षं सप करतोय, आधी साडेबारा घेतला आणि दुसऱ्या वर्षी विकला. इथे दर सप्टेंबरला फ्रीसलंडमधली ११ गावं सपवरून करतात, पाच दिवसांत २२० किलोमीटर, लेवार्डनहून निघून परत लेवार्डनला. बर्फावरून स्केटिंग करत जायची जी जुनी ११ गावांची शर्यत होती (१९९७नंतर पुरेसा बर्फच धरला नाही), तिच्याच वाटेने. मी त्यातला एक दिवस केलाय. कालवा सरळ, समोरून वारा, अशा वेळी १४ फुटी बोर्ड नुसता सरकत राहतो. एका वल्ह्याला किती पुढे जातो ते पाहायला हवं तुम्ही. शिवाय आंतरराष्ट्रीय स्पर्धा आता १४वरच होतात. पूर्वी बऱ्याच ठिकाणी पुरुषांना १४ आणि बायकांना साडेबारा असे, २०१८च्या आसपास तो भेद गेला. आज साडेबारा घेणं म्हणजे मागे जाणं.

आकडेमोड
यामागचं गणित साधं आहे. पाण्यातल्या कोणत्याही होडीच्या पुढे आणि मागे लाट उठते, आणि लांबी जितकी कमी तितक्या कमी वेगाला होडी स्वतःच्याच लाटेत अडकते. पाण्यावर टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ने गुणा, वेग नॉटमध्ये मिळतो. साडेदहा फुटीला तो ताशी ८ किलोमीटर येतो, साडेबाराला ८.८ आणि १४ला ९.३. म्हणजे साडेबारा ते १४ हा फरक ताशी अर्धा किलोमीटर. त्यामुळे लांबच घ्या.

मुळशीचा_भाऊ
@आकडेमोड, तो वेग गाठला तर ना! अरुंद बोर्डाला ते सूत्र तितकं काटेकोर लागूही पडत नाही. ताई, तुम्हाला पाच किलोमीटरला किती वेळ लागतो?

रापणकर
नमस्कार. माझं घर मालवणचं, लहानपण होडीत गेलं. माझं स्पष्ट मत, रेसच करायची तर कयाक घ्या. उभा माणूस हेच एक शीड असतं. दुपारी वारा सुटला की सपवाला मागे ढकलला जातो, आणि कयाकवाला खाली बसलेला असल्यामुळे वाऱ्याला चुकवून जातो. मार्चमध्ये आमच्याकडे अकरानंतर पश्चिमेचा वारा धरतो तो संध्याकाळपर्यंत. गेल्या वर्षी सपवरच्या दोन मुलांना आम्ही होडी घालून बाहेरून आणलं, एकाच्याही पायाला लीश (बोर्डाला बांधलेली दोरी) नव्हती.

पवनाकाठची
रापणकर काका, कयाक नको, मला उभ्यानेच करायचंय. लीश लावते, जॅकेटही घालते.
वजन ५८, उंची ५ फूट ३ इंच. पाच किलोमीटरला ५२ मिनिटं लागतात, पवनेच्या पाण्यावर, सकाळी, वारा नसताना. रेस कर्नाटकात आहे, नदीमुखाच्या आतल्या बाजूला, पाच किलोमीटर, दोन बोयांना (पाण्यात तरंगत्या खुणांना) वळसे. आता सांगा.

शांभवीकाठ
कर्नाटकात म्हणजे आमच्याच बाजूला! मी मूळची कोल्हापूरची, सध्या मंगळूरला. २०२४च्या मार्चमध्ये सशिहित्लूला सपच्या जागतिक दौऱ्यातली स्पर्धा झाली, ती बघायला गेले होते. शांभवी आणि नंदिनी जिथे मिळतात तिथे आतलं पाणी शांत दिसतं, पण ओहोटी लागली की मुखाकडे जबरदस्त ओढ असते. भरती-ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा.

मुळशीचा_भाऊ
५२ मिनिटांत पाच म्हणजे ताशी पावणेसहा किलोमीटर. साडेदहा फुटीची मर्यादासुद्धा ८ आहे. म्हणजे लांबीच्या भिंतीला तुम्ही अजून टेकलेलाच नाहीत. तुम्हाला अडवतेय ती रुंदी आणि गोल नाक. सध्याचा ३२ इंची असणार. नाकापुढे पाणी फसफसतं ना? ते कापलं जात नाही, ढकललं जातं. २७-२८ इंची, टोकदार नाकाचा घ्या, मग तो साडेबारा असो की १४, फरक पहिल्याच दिवशी कळेल. ते हार्ड की हवेचा, हे अजून सांगितलं नाहीत.

फ्रीसलंडकर
हार्डच घ्यायचा, कार्बनचा. हवेच्या बोर्डाला रेस बोर्ड म्हणत नाहीत.

मुळशीचा_भाऊ
मुळशीत कार्बनचा बोर्ड दगडावर घासला की दुरुस्त कोण करून देणार? १४ फूट म्हणजे ४२७ सेंटीमीटर. पुण्यातल्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तो उभा राहत नाही, आडवा तर नाहीच नाही. मी माझा हार्ड बोर्ड तीन मजले जिन्याने चढवलाय, प्रत्येक वळणावर शेपटीला फडकं गुंडाळून. तुमच्याकडे कालवा दारात आहे, आमच्याकडे धरण ४० किलोमीटरवर.

पवनाकाठची
अहो, हवेचाच आहे! माझे भाऊजी म्युनिकला असतात, गुरुवारी विमानाने येणार आहेत. बोर्ड बुधवारी दुपारी तिथल्या दुकानातून उचलायचा आहे, म्हणून तर घाई. हार्ड बोर्ड सामानात कसा येणार? लिहायचं राहिलं, मला वाटलं लक्षात येईल.

आकडेमोड
हवेचा असेल तर गणित बदलतं. हवेचा १४ फुटी मधोमध वाकतो, आणि वाकला की पाण्यावरची लांबी १४ राहत नाही.

फ्रीसलंडकर
चांगला १४ फुटी वाकत नाही. हवा नीट भरा, १५वर थांबू नका, कंपनीने लिहिलं असेल तर २० पीएसआयपर्यंत भरा. ५८ किलोला तर मुळीच वाकणार नाही. माझं वजन ८५ आहे, माझ्याखाली थोडा वाकतो.

विमानतळ_रोजचाच
सामानाबद्दल लिहितो. २३ किलोत बोर्ड, पंप आणि तीन तुकड्यांचं वल्हं बसेल, वजनाची अडचण नाही. अडचण मापाची आहे. बऱ्याच विमान कंपन्या लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटर धरतात, आणि सपची पिशवी भरली की त्याच्या आसपास किंवा वर जाते. भाऊजींना पिशवी भरून टेपने मोजायला सांगा. पंप आणि वल्हं दुसऱ्या बॅगेत टाकलं की पिशवी आवळता येते.

ऑलिंपिकप्रेमी
सप ऑलिंपिकमध्ये अजून का नाही, हे कुणी लिहीत नाही. सर्फिंगवाल्यांची आयएसए आणि कनूवाल्यांची आयसीएफ, दोघी सप आमचं म्हणत होत्या. ऑगस्ट २०२०मध्ये क्रीडा लवादाने निकाल दिला की ऑलिंपिक पातळीवर ते आयएसएकडे, स्पर्धा मात्र आयसीएफलाही भरवता येतील. आपल्याकडेही पोरं किती मेहनत करतात, सपपटू तन्वी जगदीशचं नाव किती जणांना माहीत आहे?

शांभवीकाठ
तन्वी आमच्या मुल्कीची! त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन. पण पवनाकाठची, तुमच्या रेसचं पत्रक आलंय का? त्यात वर्ग कोणते आहेत? सगळं त्यावर आहे.

पवनाकाठची
पत्रक आहे. महिलांसाठी दोन वर्ग: "हवेचा बोर्ड, साडेबारा फुटांपर्यंत" आणि "खुला वर्ग, १४ फुटांपर्यंत".

मुळशीचा_भाऊ
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं ताई! आता उत्तर सोपं आहे.
"पर्यंत" हा शब्द नीट वाचा. वर्ग म्हणजे कमाल लांबी. साडेबारा फुटी बोर्ड दोन्ही वर्गांत उतरू शकतो, १४ फुटी फक्त खुल्यात. आणि खुल्या वर्गात तुमच्या शेजारी कार्बनचे २३-२४ इंची हार्ड बोर्ड उभे असतील. हवेचा १४ घेऊन तिथे गेलात तर पहिल्या वळशानंतर एकट्याच राहाल.
दुसरी गोष्ट ड्राफ्टिंगची. पुढच्या बोर्डाच्या शेपटीमागे अगदी चिकटून राहिलं की त्याच्या लाटेवर आपलं बरंच बळ वाचतं. पण बहुतेक रेसमध्ये हे आपल्याच वर्गातल्या, आपल्याच गटातल्या बोर्डामागे चालतं. दुसऱ्या वर्गाच्या मागे धरलात तर बाद करू शकतात. साडेबाराच्या वर्गात तुमच्यासारख्याच मुली असतील, त्यांच्या मागे राहून शिकता येईल.
आणि वळसे. १४ फुटी जागेवर फिरवायचा तर दोन पावलं मागे शेपटीवर जाऊन नाक उचलावं लागतं. साडेबाराही तसाच फिरतो, पण कमी मागे गेलं तरी भागतं. आत्तापासून सराव करा, पाण्यात पडाल, हरकत नाही.

फ्रीसलंडकर
या रेसपुरतं मान्य. पण बोर्ड एका रेससाठी घेत नाहीत. दोन वर्षांनी लांब पल्ल्याच्या रेसला जायचं म्हटलं तर १४च लागेल. हवाईत मोलोकाई ते ओआहू ५० किलोमीटरची खाडी पार करतात, तिथे तर अनलिमिटेड वर्ग आहे, १७-१८ फुटी बोर्ड, पायाने फिरवायचं सुकाणू.

मुळशीचा_भाऊ
त्यांना मार्चमध्ये पाच किलोमीटर करायचेत, मोलोकाई नव्हे. दोन वर्षांनी खरंच तशी वेळ आली तर तेव्हा हार्ड १४ घेतील, हवेचा १४ तेव्हाही पुरणार नाही.
ताई, दुकानात जे दोन बोर्ड आहेत त्यांची रुंदी?

पवनाकाठची
आत्ता भाऊजींना फोन करून विचारलं. साडेबारा ३० इंची आहे, १४वाला २७ इंची.

मुळशीचा_भाऊ
म्हणजे तुम्ही लांबी तोलत होता आणि समोर मुळात दोन वेगळ्या जातीचे बोर्ड होते. साडेबारा बाय ३० हा टूरिंगचा, सामान बांधून रमतगमत जायचा. तो घेऊ नका. साडेबारा बाय २७ किंवा २८, रेसचा, आहे का विचारा. २५ मात्र नको, ३२वरून एकदम २५वर आलात तर तोल सांभाळण्यातच रेस संपेल.

पवनाकाठची
आहे! साडेबारा बाय २७ आहे, उद्या सकाळी दुसऱ्या शाखेतून मागवून देतात. तोच सांगितला. पिशवीचं माप भाऊजी मोजणार आहेत. खरंच मनापासून आभार, सकाळपासून जीव टांगणीला लागला होता. वल्हं किती लांब ठेवू? सध्याचं १८५वर लावलेलं आहे.

मुळशीचा_भाऊ
तुमची उंची १६० सेंटीमीटर. १७५ ते १८० मध्ये ठेवा. १८५ला खांदा वर खेचला जातो, तासाभराने मान दुखत असेल.

पवनाकाठची
दुखतेच! मला वाटत होतं बोर्डामुळे.

शांभवीकाठ
फिन (बोर्डाच्या तळाला लावायचा पर) मागे झुकलेलीही एक जवळ ठेवा. नदीत गवत तरंगत येतं, सरळ फिनला अडकलं की बोर्ड एकदम जड होतो आणि कळतही नाही का ते.

सुट्टी_डिसेंबर
मध्येच विचारतो. तारकर्लीला सप भाड्याने मिळतं का? दोन मुलं आहेत, १० आणि १३ वर्षांची, पोहता येतं.

रापणकर
मिळतं. सकाळी सातला या. समुद्राकडे नको, देवबागच्या बाजूने कर्ली नदीत उतरा, भरती चढत असताना. ओहोटी लागायच्या आत काठावर या. जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का ते आधी फोनवर विचारून घ्या, मोठ्यांचं घातलं तर पाण्यात मानेवर येतं.