जुन्या दोन कॅम्पेन नव्या कॅम्पेनशी कशा जोडाव्यात?

तापीकाठचा डीएम (जळगाव)
नमस्कार मंडळी. गेली चार वर्षे आम्ही पाच जण दर रविवारी माझ्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा एकेक पात्र घेऊन कथा रंगवण्याचा खेळ खेळतो; मी डीएम, म्हणजे कथा चालवणारा. पहिल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठका चाललेल्या सलग कथेत, पार्टीने (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीने) शत्रूला अडवण्यासाठी नदीची खिंड बुजवली आणि एक अख्खे शहर पाण्याखाली गेले. दुसरी त्याच जगात, पण दूरच्या डोंगराळ मुलखात घडली आणि तिचा पहिलीशी संबंधच आला नाही. आता तिसरीत हे दोन्ही धागे एकत्र यावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. अडचण अशी की दोन खेळाडू अगदी नवे आहेत, आणि जुन्यांपैकी एक जण नोकरीनिमित्त पुण्याला गेला असला तरी त्याची एल्फ पुजारीण त्या जगात अजून जिवंत आहे. नव्यांना परके वाटू न देता हे कसे साधावे?

पांझरा (धुळे)
पहिल्याच सेशनला मागचा इतिहास सांगत बसू नका. त्याचे परिणाम तेवढे समोर ठेवा. आपल्याच मुलखाचे उदाहरण घ्या. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला, फारुकी राजवट संपली आणि शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचे ‘दानदेश’ करण्यात आले. पण ते नाव लोकांच्या तोंडी रुळले नाही. तुमच्या जगातही सरकारी फर्मानात प्रांताचे नवे नाव असू द्या आणि नावाड्याच्या तोंडी जुने. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या शहराच्या भिंती उघड्या पडतात, असे दाखवा. ‘हे शहर कोणी बुडवले?’ असे नव्या खेळाडूच्या पात्राने विचारले, की खिंड ज्यांनी बुजवली ते खेळाडू समोरच बसलेले असतील आणि उत्तर द्यायला तेच पुढे सरसावतील. मात्र त्यांची नवी पात्रे तो प्रसंग जशी ऐकून असतील तशीच सांगतील, म्हणजे त्यात थोडी चूक, थोडी अतिशयोक्ती येणारच, आणि ती येऊ द्यावी.

सातपुड्याची लेक (शहादा)
वरच्या उत्तराशी मी सहमत आहे; थोडी भर घालते. या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांच्या मुलाच्या पात्राचे नाव टेन्सर होते, आणि ‘अर्नेस्ट’ या त्याच्या स्वतःच्या नावातील इंग्रजी अक्षरे फिरवून ते तयार झाले होते. त्या पात्राच्या नावाचा मंत्र, टेन्सर्स फ्लोटिंग डिस्क, आजही नियमांत आहे. टेन्सर कोण हे ठाऊक नसलेला खेळाडूही तो वापरतो आणि त्याचे काही अडत नाही. तुमच्या जुन्या जादूगाराचे नावही असेच एखाद्या मंत्राला द्या आणि तो मंत्र नव्या खेळाडूच्या पोथीत लिहा.

दुसऱ्या कॅम्पेनचा धागा जोडण्यासाठी सारंगखेड्यासारखा घोड्यांचा बाजार उभा करा. तिथे व्यापारी घोड्याचे कूळ सांगता सांगता जुन्या पार्टीतील कोणाच्या तरी घोडीपर्यंत पोहोचेल, आणि तेवढे पुरे आहे.

जुन्या आणि नव्या कॅम्पेनमध्ये चाळीसएक वर्षांचे अंतर ठेवले, तर अकराव्या लेव्हलचे जुने वीर स्वतःच संकट का निवारत नाहीत, हा प्रश्नही बराचसा सुटतो, कारण माणसे म्हातारी झालेली असतील. एल्फ मात्र साडेसातशे वर्षांपर्यंत जगू शकतात, त्यामुळे ती पुजारीण तशीच असेल. तिला खलनायिका करायचे असो की मारायचे, आधी पुण्याला फोन करून त्या खेळाडूची संमती घ्या. ते पात्र त्याचे आहे.

गिरणाथडी (चाळीसगाव)
माझा अनुभव जरा कटू आहे. मी तीन कॅम्पेन एकदम जोडल्या आणि बारा पानांचे टिपण सर्वांना वाचायला दिले. जुने खेळाडू रंगून गेले, पण नवी मुलगी दोन सेशन गप्प बसून राहिली आणि तिसऱ्याला आलीच नाही. त्यामुळे बुडालेल्या शहराचा धागा आधी घ्यावा आणि नव्या पात्रांची त्या जगात स्वतःची काही देणीघेणी निर्माण होईपर्यंत घोड्यांचा बाजार लांबणीवर टाकावा, असे मी सुचवेन.

तापीकाठचा डीएम (जळगाव)
सर्वांचे आभार. काल पुण्याला फोन केला. पुजारीण त्या बुडालेल्या देवळाच्या काठी अजून रोज दिवा लावते, असे दाखवायला मित्राने आनंदाने होकार दिला आहे, आणि त्या सेशनला तो व्हिडिओ कॉलवरून तिचे बोलणे स्वतः बोलणार आहे. घोड्यांचा बाजार सहाव्या सेशननंतर घेईन.