विकासात्मक तपासणीला जाताना मुलाची माहिती कशी मांडावी?

प्रश्न (एक आई, सातारा)
माझा मुलगा दोन वर्षे चार महिन्यांचा असून ‘आई’ आणि ‘नको’ यांखेरीज अद्याप काही बोलत नाही. पाणी हवे असले की माझे बोट धरून मला माठापाशी नेतो आणि माझाच हात तोटीवर ठेवतो. पुढील आठवड्यात पुण्याला विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे, म्हणजे मुलाचे बोलणे, वागणे, वाढीचे टप्पे पाहणाऱ्या डॉक्टरांकडे, त्याची पहिली तपासणी आहे. मागे एका दवाखान्यात ‘मान कधी धरली, बसला कधी’ असे भराभर विचारले गेले आणि मला काहीच नीट आठवेना, याची रुखरुख अजून जात नाही. या वेळी सोबत काय न्यावे?

उत्तर (एक वडील)
जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड सर्वांत आधी शोधा. बाळ कितव्या आठवड्यात जन्मले, वजन किती होते, जन्मताच रडले का, काविळीसाठी दिव्याखाली ठेवले होते का, हे त्यावरून कळते. आमची मुलगी ३४व्या आठवड्यात जन्मली होती. ती वर्षाची असताना ते कार्ड पाहूनच डॉक्टरांनी तिचे वय, ती जितकी लवकर जन्मली तितक्या म्हणजे सहा आठवड्यांनी कमी धरले आणि मग वाढीचे टप्पे तपासले. तारखा आठवत नसतील तर अंदाजाने ठोकून देऊ नका, फोनमधले फोटो पाहा. बोरन्हाणाच्या फोटोत बाळ पाटावर आपले आपण बसले आहे की कोणी मागून धरले आहे, हे स्पष्ट दिसते आणि महिनाही कळतो.

उत्तर (वाचा-उपचारतज्ज्ञ)
माठाचे वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवा. ‘हट्टी आहे’, ‘लक्ष देत नाही’ असे निष्कर्ष पालक लिहून आणतात, परंतु मूल नेमके काय करते आणि त्याच्या आधी काय घडले होते, हे त्यातून आम्हाला उमगत नाही. हाक मारल्यावर, जेवताना आणि इतर मुलांमध्ये खेळताना तो कसा वागतो, याचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ त्याला न शिकवता, न सांगता घ्या. टीव्हीच्या आवाजाने धावत येतो म्हणजे ऐकू येते असे गृहीत धरू नका. श्रवणतपासणी झाली असल्यास तिचा अहवाल न्या. एकदा आलेले शब्द नंतर नाहीसे झाले असतील, तर ते मात्र न विचारताही आवर्जून सांगा.

उत्तर (अंगणवाडी सेविका)
दिवसभर त्याला जे सांभाळतात त्यांनाही विचारा. माता-बाल संरक्षण कार्डही सोबत असू द्या. पुण्याच्या फेऱ्या जड जाऊ लागल्या, तर २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे चालतात. तिथे अशी तपासणी विनामूल्य होते.

प्रश्नकर्ती
सर्वांची मनापासून आभारी आहे. बोरन्हाणाचा फोटो सापडला. त्यात तो नऊ महिन्यांचा आहे आणि आधाराशिवाय बसला आहे. सासूबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की दीड वर्षाचा असताना तो ‘भूभू’ आणि ‘बाबा’ म्हणत असे, मग हळूहळू थांबला. हे माझ्या ध्यानातून पार निसटले होते. वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे.