लिनक्स मिंटचे अपडेट आपोआप लावावेत की हाताने?

झेरॉक्सवाला:
तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. तीन जुने डेस्कटॉप, तिन्हींवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २१ ही ऑपरेटिंग सिस्टिम. दोन वर्षं अपडेट आल्याचं सांगणाऱ्या खालच्या पट्टीतल्या ढालीच्या चिन्हाकडे 'नंतर बघू' म्हणत काणाडोळा केला. मग पुतण्याने अपडेट मॅनेजरमध्ये ऑटोमेशन चालू करून दिलं.

परवा सोमवारी फॉर्मची शेवटची तारीख, दारात रांग आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि ट्यूब. नेमका तेव्हाच एका मशीनवर मागे अपडेट चालू. लाइट आल्यावर प्रिंटर बोलेना, अपडेट मॅनेजर म्हणे 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड', म्हणजे पॅकेजं बसवणारा प्रोग्राम अर्ध्यात तुटला. पुढे आज्ञाही त्यानेच लिहिली होती, 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. ती टर्मिनलमध्ये मारली, दहा मिनिटांत गाडी रुळावर. पण ती दहा मिनिटं गिऱ्हाइकांचं बोलणं खाल्लं.

आपोआप बंद करू का? शिवाय नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, तेच डाउनलोड तीनदा परवडत नाही.

कर्नलकाका:
बंद करा, पण वार ठरवा. शनिवारी शटर ओढल्यावर आधी एकच मशीन, सोमवारी तिच्यावर प्रिंट-स्कॅन नीट चाललं की बाकीच्या दोन. त्याआधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट, म्हणजे बिघडलं तर सिस्टिम मागे नेता येईल अशी प्रत. तो मूळ सेटिंगमध्ये होम फोल्डर धरत नाही, म्हणजे गिऱ्हाइकांच्या फाइली वेगळ्या जपायच्या. नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) रुसला तर ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मेनूच्या, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुन्यावर बूट होता येतं, म्हणून एक जुना ठेवाच.

डाउनलोडसाठी एका मशीनवर 'एपीटी-कॅशर-एनजी' टाका, तो उतरवलेली पॅकेजं साठवून ठेवतो. तिन्ही मशीन पॅकेजं त्या मशीनकडून मागतात, बाहेरून एकदाच येतात. पोर्ट ३१४२.

डेबियनकर:
काका, शनिवारची वाट सगळ्यालाच नको. यांचं निम्मं काम ब्राउझरमधून पोर्टलवर, लोकांचे आधार क्रमांक टाइप होतात. फायरफॉक्सचा अपडेट आला की त्याच संध्याकाळी लावायचा. माझ्या सर्व्हरवर अनअटेंडेड-अपग्रेड्स हा प्रोग्राम आपोआप, फक्त सिक्युरिटीचे अपडेट लावतो, पण तिथे यूपीएस आहे. खरा प्रश्न लाइटचा आहे हो, लिनक्सचा नाही.

झेरॉक्सवाला:
ऑटोमेशन बंद केलं. फायरफॉक्स आला त्या दिवशी, बाकीचं शनिवारी. कॅशर बसवला. दुसऱ्या मशीनला हॉटस्पॉटचा आकडा जेमतेम हलला, बघून बरं वाटलं. फक्त पुतण्या कॅशरवालं मशीन आधी बंद करून घरी गेला आणि उरलेली दोन्ही उपाशी! आता त्या मशीनच्या मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली आहे, 'हे शेवटी बंद करणे'. यूपीएस सध्या त्या एका मशीनलाच घेतोय. मिंट २१ ला २०२७ पर्यंत सपोर्ट आहे, तोवर २२ चा विषय नको.