भिंतीतली ओल आणि बुरशी : गृहविम्याने भरपाई द्यावी की नाही?

मूळ धागा : उंबरठा

गृहविम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये हळूहळू होणारी हानी, ओल, बुरशी आणि कुजणे यांना वगळणारे कलम असते, आणि दावा दाखल झाला की सर्व्हेअरचे बोट आधी त्याच कलमावर टेकते. पाइप फुटून खोलीत पाणी साचले तर भरपाई मिळते. त्याच पाइपला सुईच्या टोकाएवढे भोक पडून पाणी भिंतीच्या पोटात महिनोन्‌महिने झिरपले, तर मिळत नाही. माझ्याकडे न्हाणीघराला लागून असलेल्या कपाटाची पाठ फुगली, म्हणून कपाट पुढे ओढले, तेव्हा मागे काळपट हिरव्या बुरशीचा पट्टा गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत चढलेला होता. भिंतीच्या उघड्या भागावर मात्र तोवर साधा डागही नव्हता. दावा ‘हळूहळू झालेली हानी’ या शब्दांवर नामंजूर झाला. नुकसान किती काळ चालू होते, ही कसोटीच मुळात चुकीची आहे. ते मालकाला कधी कळले, किंवा सामान्य दक्षता घेतली असती तर कधी कळले असते, हे पाहायला हवे.

ताळेबंद :

तुमचे नुकसान खरे आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. विमा अनपेक्षित घटनेसाठी असतो. घराची झीज ही ठरलेली गोष्ट आहे. गच्चीच्या भेगा वेळेवर बुजवणारा, सांधे तपासणारा मालक आणि पोपडे पडेपर्यंत ढुंकूनही न पाहणारा मालक, हे दोघे एकाच हप्त्यात बसवले तर पहिल्याने दुसऱ्याच्या आळसाचे पैसे भरायचे. शिवाय बुरशीचे दावे कुठे जाऊन थांबतील, याचा अंदाज बांधता येत नाही. टेक्सासमध्ये २००१ साली ज्युरीने एका घराच्या प्रकरणात ३ कोटी २० लाख डॉलरचा निवाडा दिला. त्यानंतर अमेरिकेत कंपन्यांनी बुरशी वगळण्याचा किंवा तिच्यावर मर्यादा घालण्याचा सपाटा लावला, तो उगाच नव्हे.

उंबरठा :

त्या ३ कोटी २० लाखांतला मोठा भाग दंड, मनस्ताप आणि वकिलांचा खर्च यांचा होता, कारण ज्युरीने दावा हाताळण्याच्या पद्धतीवरच ठपका ठेवला होता. पुढे अपिलात ती रक्कम खूपच खाली आली. हे उदाहरण बुरशीच्या महागपणाचे कमी आणि दावा रेंगाळवण्याचे जास्त आहे. आणि गच्चीच्या भेगांची भरपाई मी मागितलेलीच नाही.

मोजपट्टी :

नुकसानीची पाहणी करणे हे माझे काम असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. ‘ओल’ म्हणून एकच गोष्ट नसते आणि वादाचा निम्मा गुंता तिथेच आहे. जमिनीतून वर चढणारी ओल खालच्या पट्ट्यात राहते आणि तिच्या वरच्या कडेला बहुधा लोणा लागतो, कारण पाण्याबरोबर आलेले क्षार तिथे साठतात. हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर जमून येणारी ओल कोपऱ्यांत, कपाटांमागे, खिडकीच्या कडेला दिसते. तिचे मूळ वायुवीजनात असते. हे दोन्ही प्रकार विम्याच्या बाहेर ठेवण्यात मला अन्याय दिसत नाही. तिसरा प्रकार पाइपगळतीचा. छतावरच्या डागात एकात एक अशी तपकिरी कडी दिसली, तर तो भाग अनेकदा भिजून वाळला आहे असे समजावे. खिळे गंजलेले, लाकडाची खालची कड कुजलेली असेल तर मुदत आणखी मागे जाते. पण ही चिन्हे पाणी किती काळ होते तेवढेच सांगतात; ती मालकाला दिसत होती की नाही, हे सांगत नाहीत. माझ्या अहवालात पहिल्या गोष्टीसाठी रकाना असतो, दुसरीसाठी नसतो.

आणखी एक. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली नाही, तर बुरशी धरू शकते. म्हणजे पाइप धडधडीत फुटला तरी पाहणीला सर्व्हेअर चार दिवसांनी आला, तर बुरशी हजर असणारच. अशा वेळी ती कोणाच्या खात्यावर लिहायची?

कलमबहाद्दर :

याचे उत्तर कायद्यात आहे : निकटतम कारण, म्हणजे घटनांच्या साखळीत नुकसान खऱ्या अर्थाने घडवणारे कारण. ‘इकारिया’ जहाजाला १९१५ मध्ये पाणतीर लागला, ते कसेबसे ल हाव्र बंदरात आणले गेले, तिथे वादळी वाऱ्यात धक्क्यावर आपटू लागले, म्हणून हलवले गेले आणि शेवटी बुडाले. ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने १९१८ मध्ये बुडण्याचे कारण पाणतीरच ठरवले, वादळ नव्हे. त्याच न्यायाने कारण पाइप आहे, बुरशी हा परिणाम.

ताळेबंद :

दाखला उत्तम, पण तो खटला विमा कंपनीने जिंकला होता, हेही सांगायला हवे होते. पॉलिसीत युद्धजन्य कृत्यांचे परिणाम वगळलेले होते, म्हणून पाणतीर हे कारण ठरताच भरपाई गेली. शेवटी कलमाचे शब्दच निर्णायक ठरतात. ‘कोणत्याही कारणाने झालेली बुरशी’ असे लिहिले असेल, तर कारणांची साखळी कितीही मागे नेली तरी हाती काही लागत नाही.

मोजपट्टी यांच्या प्रश्नाला मात्र माझे उत्तर सरळ आहे : पाइप अचानक फुटला असेल आणि मालकाने लगेच पाणी उपसून, हवा खेळती ठेवून, नुकसान वाढू नये याची काळजी घेतली असेल, तर उशिराची बुरशी कंपनीच्या खात्यावर. छुप्या गळतीसाठी वेगळा हप्ता आणि वेगळी मर्यादा असलेले जादा संरक्षण घ्यावे, ते मूळ पॉलिसीत कोंबू नये.

उंबरठा :

जादा संरक्षणाला माझा विरोध नाही. पण त्या मर्यादेतच भिंत फोडून गळती शोधण्याचा, बुरशी तपासण्याचा आणि ती काढण्याचा खर्च धरला जात असेल, तर गिलावा आणि कपाटाची पाळी येईपर्यंत रक्कम संपलेली असते. शोधण्याचा खर्च मर्यादेबाहेर ठेवा; मग हप्ता किती वाढतो, त्यावर बोलू.

ताळेबंद :

गळती शोधण्याचा खर्च वेगळा, हे मान्य. बुरशी तपासण्याचा नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या बुरशीची जात प्रयोगशाळेतून ठरवून दुरुस्तीत सहसा काही फरक पडत नाही.