मदत हवी आहे: कुंभाराच्या पडवीत फोटो काढताना आधी काय ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातली. बेळगावला कॉलेजात शिकते, रोज बसने जाऊन-येऊन. मामाने त्याचा जुना निकॉन डी३२०० मला दिलाय, सोबत १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच येते ती). फोटोग्राफीचे क्लास संध्याकाळी असतात आणि तोवर थांबलं तर गावाकडची शेवटची बस निघून जाते, म्हणून इथे विचारते आहे.

आमच्या गावात आता कुंभाराचं एकच घर चाक चालवतं. आजोबा चाकावर बसतात, आजी माती मळते, थापीने मडक्याला आकार देते. खानापूरची माती भांड्यांना आणि कौलांना चांगली, कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही खानापुरात आहे. तरी या घरातलं पुढचं कोणी चाकावर बसणार नाही, हे दोघांनीही मला सांगितलंय. माती भिजवण्यापासून आवा (मडकी भाजायची भट्टी) लावेपर्यंतचं त्यांचं सगळं काम मला फोटोत नीट आणायचं आहे. दोघांची परवानगी आहे. आजी तर रोज विचारते, आज आली नाहीस का म्हणून.

अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ यांचा अर्थ एकेक करून विचारलात तर मी सांगू शकते. भोक मोठं केलं की उजेड जास्त येतो आणि मागचं धूसर होतं, शटर हळू केलं की हालचाल पसरते, आयएसओ वाढवला की दाणे दिसतात. अडचण पडवीत उभं राहिल्यावर येते. तिथे उजेड फक्त दारातून. आजोबा दाराकडे पाठ करून बसतात, त्यामुळे दार पांढरंफटक आणि चेहरा काळा. काही फोटोंत हात पसरलेले, काहींत सगळंच हललेलं. शटर वाढवलं की दाणे येतात. एक गोष्ट सुधारायला जावं तर दुसरी हातची जाते.

कॅमेऱ्याने नोंदवलेली माहिती देते. हललेला फोटो: ५५ मिमी, एफ/५.६, १/२०, आयएसओ ८००. दाण्यांचा फोटो: ५५ मिमी, एफ/५.६, १/१६०, आयएसओ ६४००. दोन्ही त्याच जागेवरून, त्याच उजेडात.

तीन गोष्टी सांगाल का? समोर दृश्य आल्यावर तिन्हींपैकी आधी काय ठरवायचं? फिरतं चाक दाखवायला शटर किती हवं? आणि या लेन्सवर हे जमणारं आहे का, की दुसरी लेन्स घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही? मराठीत आणि सविस्तर सांगितलंत तर फार उपकार होतील.

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, तू आकडे दिलेस हे उत्तम केलंस. नुसतं ‘फोटो चांगला येत नाही’ म्हटलं असतंस तर कुणाला काहीच सांगता आलं नसतं. मी फिल्मच्या काळापासून स्टुडिओ चालवतोय. एका रोलमध्ये ३६ फोटो, आणि प्रत्येकाचे आकडे वहीत लिहून ठेवायचे. आता ती वही कॅमेराच लिहितो, ती वाचायची सवय मात्र आपल्याला लावावी लागते.

पहिलं म्हणजे फोटो बिघडला कसा ते ओळख. पूर्ण मोठा करून बघ. भिंत, मडकं, चेहरा सगळं सारखंच पसरलं असेल तर कॅमेरा हललाय. भिंत स्वच्छ आणि फक्त हात पसरले असतील तर माणूस हललाय. आणि चेहरा मऊ पण मागची कौलं धारदार असतील तर दोन्हीपैकी काही नाही, फोकस भलतीकडे बसलाय. तिन्हींवरचा इलाज वेगळा. पहिल्यावर कॅमेरा टेकव, दुसऱ्यावर शटर वाढव. तिसऱ्यात शटर वाढवून काही उपयोग नाही, फोकसचा बिंदू तू स्वतः निवडायचा. तुझ्या कॅमेऱ्यात ११ बिंदू आहेत, त्यांतला मधला कमी उजेडात सर्वांत भरवशाचा. सिंगल पॉइंट कर, तो डोळ्यावर ठेव, बटण अर्धं दाब, मग चौकट बसव.

तुझे दोन्ही फोटो उजेडाच्या हिशेबाने एकच आहेत. १/२० वरून १/१६० म्हणजे शटर आठपट जलद, आणि ८०० वरून ६४०० म्हणजे आयएसओ आठपट. एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने घेतलं. तिसरा आकडा, एफ/५.६, तू हलवलाच नाहीस. हा अ‍ॅपर्चरचा आकडा, तो जितका लहान तितकं भोक मोठं. ५५ मिमीला ही लेन्स त्याहून जास्त उघडतच नाही. पण २४ मिमीच्या आसपास तीच लेन्स साधारण एफ/४ पर्यंत उघडते, म्हणजे उजेड दुप्पट. तेव्हा झूम मागे घे आणि स्वतः दोन पावलं पुढे जा. त्याच पडवीत २४ मिमी, एफ/४, १/८०, आयएसओ १६०० एवढ्यावर काम होईल. अगदी १८ वर नेऊन तोंडाजवळ जाऊ नकोस, नाक मोठं दिसतं.

आता चाक. इथे एक गोष्ट लक्षात घे. मडकं गोल आहे. ते कितीही जोरात फिरलं तरी गोलच दिसतं, त्यामुळे १/८० ला काढलं काय आणि १/५०० ला काढलं काय, फिरणं दिसणारच नाही. फिरणं दिसतं ते चाकाच्या कडेवर चिकटलेल्या चिखलाच्या गोळ्यांवरून आणि पाण्याच्या थेंबांवरून. ते पसरलेले हवे असतील तर १/८ पर्यंत खाली ये, पण कॅमेरा पाटावर किंवा उलट्या घमेल्यावर टेकवून, दोन सेकंदांच्या टायमरवर. आजोबांचे हात मडक्यावर जवळजवळ स्थिर असतात, ते बऱ्यापैकी धारदार येतील आणि चाकाची कड वाहती दिसेल. मला विचारशील तर तुला हवा असलेला फोटो हाच आहे.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हालचाल असेल तिथे आधी शटर ठरव. मग लेन्स उघडेल तेवढी उघड. आयएसओ उरेल तो घे, त्याला भिऊ नकोस. आजी नुसती बसलेली असेल, हालचाल नसेल, तर आधी अ‍ॅपर्चर.

प्रतिसाद, बेळगावहून

काकांनी सांगितलंय ते सगळं बरोबर हाय, खरं आत्ताच एम मोडवर, म्हणजे शटर-अ‍ॅपर्चर दोन्ही हातानं लावायच्या मोडवर, नको जाऊस. या कॅमेऱ्याला चकती एकच. एममध्ये ती फिरवली की शटर बदलतंय, आणि अ‍ॅपर्चरला अधिक-उण्याचं बटण दाबून धरून तीच फिरवायची. तोवर आजोबांचं मडकं उतरून झालेलं असतंय की. ए मोड लाव, त्यात अ‍ॅपर्चर तू ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतोय. मेनूत ऑटो आयएसओ चालू कर, जास्तीत जास्त ३२००, कमीत कमी शटर १/१२५. मग तुझं लक्ष समोर राहतंय. हळू शटरचा चाकाचा फोटो काढायचा तेवढ्यापुरतं ऑटो आयएसओ बंद करून एस मोडवर जा, त्यात शटर तू ठरवायचं.

आणि दाराचं काय ते सांगतो. कॅमेऱ्याशी भांडू नकोस, जागा बदल. तू दाराच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभी ऱ्हा, म्हणजे दार चौकटीतच येणार नाही आणि उजेड आजोबांवर एका अंगाने पडेल. ओल्या मातीवर तिरका उजेड पडला की बोटांचे वळ दिसत्यात. समोरून पडला की सगळं सपाट. जमलं तर आजोबांनाच म्हण, जरा दाराकडं तोंड करून बसा. एवढं ऐकतील ते.

प्रतिसाद, रायबागहून

थोडं विषयाला धरून, थोडं सोडून. चिंचलीच्या मायाक्काची माघातली जत्रा आमच्या भागात. तिथे मी शिकलो की कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या भागाला, सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं. पांढरं धोतर-पटका दिसला की तो फोटो काळपट करतो, काळी म्हैस दिसली की उगाच उजळ करतो. पांढऱ्याला अधिक १, काळ्याला उणे १, एवढी दुरुस्ती ए मोडमध्ये त्याच अधिक-उण्याच्या बटणाने होते. तुझी ओली माती गडद असते, तिथे उणे ०.७ पासून सुरू करून बघ. भंडाऱ्याच्या पिवळ्याला तर मी कायम थोडं कमीच ठेवतो, नाहीतर रंगाचा नुसता डाग उरतो, घडी-सुरकुती काही दिसत नाही.

आणि भंडारा असो की सुकी माती, धूळ उडत असताना लेन्स काढायची नाही.

धागाकर्ती

निपाणीचे काका, बेळगावचे दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबांना विनंती केली, त्यांनी चाक दाराकडे थोडं सरकवून घेतलं. म्हणाले, मलाही इथे बरं दिसतंय. दाराजवळच्या भिंतीला टेकून, २४ मिमीवर, दादांनी सांगितलेल्या सेटिंगने काढले. चेहरा आला. मातीवरचे बोटांचे वळ आले. उलट्या घमेल्यावर कॅमेरा ठेवून १/८ चाही काढला. त्यात चाकाची कड गोल वाहते आहे आणि आजोबांचे अंगठे स्पष्ट आहेत. मी तो आजीला कॅमेऱ्यावर दाखवला तर ती बराच वेळ बघत राहिली.

दाणे मात्र अजून खटकतात. आयएसओ कमी ठेवून फोटो थोडा काळा काढावा आणि नंतर मोबाइलवर उजळ करावा का?

प्रतिसाद, निपाणीहून

नाही. काळा काढून नंतर उजळलास तर सावलीतले दाणे उलट जास्त वर येतात. ३२०० ला बरोबर उजेडात काढलेला फोटो हा ८०० ला काळा काढून उजळलेल्या फोटोपेक्षा साधारणपणे चांगलाच निघतो. फोटो कॅमेऱ्यावर चांगला दिसतो की नाही यावर विसंबू नकोस, उन्हात तो पडदा फसवतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्या-उजळ भागांचा आलेख, बघायला शीक. डोंगर डावीकडच्या भिंतीला चिकटला असेल तर सावल्या गेल्या, उजवीकडे चिकटला तर उजळ भाग गेला.

आणि कागदावर काढून बघ. ६ बाय ८ च्या प्रिंटमध्ये १६०० चे दाणे कुणाला दिसत नाहीत. एक प्रिंट आजी-आजोबांना दे. ज्यांचा फोटो काढला त्यांच्या हातात तो पोचला पाहिजे, हे मी स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगतो.

प्रतिसाद, बेळगाव कॅम्पमधून

कॉलेजातून वेळ मिळाला तर किल्ल्यातल्या कमल बसदीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, सराव कर. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली बसदी आहे. आत अंधार, बाहेर लख्ख ऊन, छताला दगडी कमळ. तुझ्या पडवीसारखाच उजेड, फक्त समोरचं दगडी असल्यामुळे हलत नाही. त्यामुळे खांबाला टेकून १/१५ वर हात किती स्थिर राहतो ते शांतपणे तपासता येतं. तिथे ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आणि किल्ल्याचा बराच भाग लष्कराकडे आहे. बसदीच्या बाहेर कॅमेरा पिशवीत ठेव, पहारेकऱ्याला विचारल्याशिवाय काढू नकोस.

अजून एक. पावसाळ्यात खानापुरात हवा किती दमट असते ते तुला सांगायला नको. कॅमेरा कपाटात कापडात गुंडाळून ठेवू नकोस. लेन्सच्या आत बुरशी धरली की साफ करायला खर्च येतो, कधी कधी डाग जातच नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक. मामाची जुनी लेन्स आजच टॉर्चसमोर धरून बघ, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का.

धागाकर्ती

बघितली, लेन्स स्वच्छ आहे. डबा आजच आणते.

आता शेवटचं विचारते. वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आहे. आमच्या गावची मुलं लेझीम घेऊन जाणार आहेत आणि त्यांनी फोटो मलाच काढायला सांगितलेत. रात्रभर चालते, उजेड सगळा रथावरच्या दिव्यांचा. थोडे पैसे साठवलेत. एफ/१.८ ची लेन्स घ्यावी का? सेकंडहँडमध्ये ५० मिमी एफ/१.८डी स्वस्त मिळते आहे.

प्रतिसाद, बेळगावहून

थांब, ती डी नको! तुझ्या कॅमेऱ्याच्या अंगात फोकसची मोटर नाही, डीवर ऑटोफोकस चालायचं नाही. रात्री, गर्दीत, हाताने फोकस करत बसणार काय? लेन्समध्येच मोटर असलेली, म्हणजे नावात एएफ-एस असलेली बघ. ५० मिमी एफ/१.८जी किंवा डीएक्सची (तुझ्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरसाठीची) ३५ मिमी एफ/१.८जी. पडवीत आणि गल्लीत ३५ जास्त कामाला येईल, ५० ला मागं सरकायला जागा उरत नाही. ५५ मिमीला तुझी किट लेन्स एफ/५.६ उघडते, त्याच्या जवळजवळ दहापट उजेड एफ/१.८ ला आत येतोय.

मिरवणुकीला ए मोड, एफ/२ ते एफ/२.८, कारण १.८ वर रांगेतला एकच लेझीमवाला फोकसमध्ये राहील. ऑटो आयएसओ ३२०० पर्यंत, कमीत कमी शटर १/१२५. आजूबाजूच्या काळोखामुळं कॅमेरा रथ पांढराफटक करून टाकतोय, म्हणून उणे १. काही एलईडी दिव्यांत फोटोवर आडवे काळे पट्टे येतात, तसं झालं तर कमीत कमी शटर १/१०० कर. फोकस एएफ-सीवर ठेव, त्यात तो हलत्या माणसामागं सतत बदलत राहतोय; पोरं जागेवर थांबत नाहीत.

दिवेलागणीच्या आधीच ये, आकाशात निळा उजेड असतोय तोवर. रथ उभे असत्यात, मुलं पटके बांधत असत्यात, कुणी ढोल ताणत असतंय. नरगुंदकर भावे चौकाजवळ आमच्या मंडळाचा मंडप असतोय, बॅटरी चार्जिंगला लावायला आणि बसायला जागा आहे. रात्री उशीर झाला तर आमच्या घरी आई आणि वहिनी आहेत, गावच्या मुलींना घेऊन खुशाल ऱ्हा. तारीख जवळ आली की इथेच लिही, मंडपाची नेमकी जागा कळवतो.